पहिल्या भागाइतकाच किंवा त्याहून भारी असा सिक्वेल कुठला?

तुम्ही विचारलंय की मूळ सिनेमाच्या तोडीचा किंवा त्याहून सरस सिक्वेल खरंच असतो का. असतो, कमी असतात पण असतात. माझं पहिलं उत्तर 'लगे रहो मुन्नाभाई', आणि मुन्नाभाई एमबीबीएस मला पाठ आहे तरी मी हे म्हणतेय.

2003 चा पहिला भाग इतका चालला होता की दुसऱ्यात तेच परत करणं अगदी सोपं होतं, हॉस्पिटलच्या जागी दुसरं कॉलेज, तीच जादू की झप्पी, तेच डॉ. अस्थाना चिडलेले. 2006 ला दिग्दर्शक राजकुमार हिरानींनी जवळपास सगळं सोडून दिलं. सुमन नाही, आईवडील नाहीत, डॉक्टरकी नाही, फक्त मुन्ना, सर्किट आणि त्यांची ती बोली तेवढी ठेवली. बोमन इराणी परत आले ते लकी सिंग होऊन, जिमी शेरगिल आला तो व्हिक्टर होऊन, आणि पहिली पाच मिनिटं आपण 'अरे हा तर तो जहीर ना' करत बसतो मग विसरून पण जातो. मला जास्त आवडतं ते हे की पहिल्या भागात मुन्ना बाकीच्यांना बदलतो, मोठमोठ्या डॉक्टरांना माणुसकी शिकवतो, पण दुसऱ्यात बदलावं लागतं ते त्याला स्वतःला. प्रोफेसर आहे असं खोटं सांगून आवडत्या रेडिओ जॉकीच्या, जान्हवीच्या घरात शिरलेला माणूस रेडिओवर लोकांना सत्य शिकवतोय, आणि शेवटी तिला खरं सांगायची पाळी येते तेव्हा गुंडगिरी, सर्किट कोणीच कामाला येत नाही.

पेन्शनसाठी लाच मागणाऱ्या साहेबासमोर एकेक वस्तू आणि मग अंगावरचे कपडे काढून ठेवणारे आजोबा आठवतात का? माझे बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते आणि एका ऑफिसात कागदांसाठी चकरा मारत होते. थिएटरमध्ये त्या सीनला सगळे हसत होते टाळ्या वाजवत होते आणि बाबा मात्र गप्प, डोळे पुसत होते. म्हणून हा सिनेमा माझ्यासाठी नुसती कॉमेडी राहिलाच नाही.

आणि दिलीप प्रभावळकर! आपण त्यांना चिमणराव म्हणून बघितलेलं, चौकट राजातला नंदू म्हणून, झपाटलेलातला तात्या विंचू म्हणून, आणि तोच माणूस इथे फक्त मुन्नाला दिसणारे गांधीजी, म्हणजे बापू होऊन शांतपणे बसलाय, आवाज चढवत नाही की मोठं भाषण ठोकत नाही. डॉक्टर मुन्नाला सिद्ध करून दाखवतो की तुला जे माहीत नाही ते तुझ्या बापूंनाही माहीत नाही, म्हणजे हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. एवढं सांगूनही बापूंवरचा आपला विश्वास हलत नाही हे त्यांच्या अभिनयाचं काम आहे. हा सिनेमा आणि 'शेवरी' मिळून त्यांना त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि 'बंदे में था दम'साठी स्वानंद किरकिरेंना गीतकाराचं.

दुसरं नाव 'दृश्यम 2', आणि शक्यतो मल्याळम बघा, मोहनलालचा, 2021 ला ॲमेझॉन प्राइमवर आलेला. हिंदीतला पहिला दृश्यम आपल्या निशिकांत कामतांनी केलेला, मुलीच्या हातून झालेला खून लपवून घरच्यांना वाचवणारा गोव्यातला विजय साळगावकर, 2 ऑक्टोबर, पणजीचा सत्संग हे सगळ्यांनाच माहितीये. पहिला भाग संपतो तेव्हा आपण खूश असतो की सुटला बुवा. दुसरा भाग विचारतो, सुटला म्हणजे काय? मोठ्या मुलीला फिट्स येतात, पोलिसांची गाडी दिसली तरी ती थरथरते, बायको सतत धास्तावलेली, गावातले लोक मागून कुजबुजतात. पहिला तास फार संथ आहे, काही जणांना कंटाळवाणा वाटला, मला नाही वाटला, कारण ते ओझं अंगावर आल्याशिवाय शेवटच्या अर्ध्या तासाला काही अर्थच उरत नाही. तो शेवट मी सांगणार नाही. हिंदी दृश्यम 2 पण वाईट नाहीये, अक्षय खन्ना आणि तब्बू दोघंही जोरात आहेत, पण तिथे घाई जाणवते.

इंग्रजीत टर्मिनेटर 2 डोळे मिटून. 1984 च्या पहिल्यात अर्नोल्ड मारायला आलेला, 1991 च्या दुसऱ्यात तोच वाचवायला, आणि साधी वेट्रेस असलेली सारा आता स्वतः लढणारी बाई झालीये. गॉडफादर 2 चं नाव सगळे घेतात, ऑस्करचं बेस्ट पिक्चर मिळवणारा तो पहिलाच सिक्वेल, माझ्या मते तोडीचा आहे पण वरचढ नाही, मार्लन ब्रँडो नसल्याचं मला शेवटपर्यंत जाणवत राहतं.

मराठीत मुंबई-पुणे-मुंबई 2 खूप जणांना आवडतो. मला पहिलाच जवळचा, एक दिवस, पुणं आणि दोघांच्या गप्पा, बस. दुसऱ्यात दोन्हीकडचे नातेवाईक आले, लग्न आलं, आणि त्या गर्दीत ते दोघं मला कमी भेटले.

लगे रहो बघणार असाल तर आधी एमबीबीएस बघितलाच पाहिजे असं काही नाही, पण दृश्यमचं तसं नाही, पहिला बघून मधे दोनचार दिवस जाऊ द्या आणि मगच दुसरा लावा.