ठेवीचा आकडा मंडळीला सांगा

आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम. नवापूर तालुक्यातील एका लहान मंडळीचा मी खजिनदार आहे. दिवाळीनंतर आमची बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मुलांची शाळा बुडते. या मुलांना हंगाम संपेपर्यंत चर्चच्या हॉलमध्ये ठेवून जेवणाचा खर्च मंडळीच्या मुदत ठेवीतून करावा, असे नवे पाळक म्हणतात. ठेव कंपाउंडच्या भिंतीसाठी आहे. (ती किती आहे हे आम्ही पंच मंडळीत सांगत नाही, नाहीतर लोकांचा हात आखडतो.) पिकाच्या हंगामाच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव जोरात होतो, पण एरवी अर्पण बेताचेच असते. गरीब मंडळीने आधी स्वतःचे पाहू नये का? पाळकांना कसे समजवावे?
– एक खजिनदार

प्रिय बंधू,

तुमच्या पत्रात पाळकांच्या उतावळेपणाविषयी पुष्कळ आहे, भिंतीविषयीही आहे; मात्र खरी गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांनाच ते किती जमले हे ठाऊक नाही, आणि हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, जणू चपला बाहेर काढण्यासारखा तो मंडळीचा साधा रिवाज आहे. मी त्या कंसाच्या बाहेर जाणार नाही.

तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या कायद्याप्रमाणे तिचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जात असतील. म्हणजे तिथल्या कारकुनाला जो आकडा फायलीत पाहता येतो, तो रोज स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढणाऱ्या तुमच्या महिला संघातील बाईला माहीत नाही. तिच्यापासून तो लपवण्याचा अधिकार पंचांना कोणी दिला?

हात आखडण्याचे म्हणाल, तर तुमचेच पत्र तुमच्याविरुद्ध साक्ष देते. हंगामाच्या सणाचा लिलाव आठवा. कोणाची तूर, कोणाचे डांगर, कोणाची कोंबडी पुढे येते. एखादे लिंबू बाजारभावाच्या कितीतरी पटीने जाते, घेणारा तेच पुन्हा लिलावात ठेवतो, आणि दुसरा त्याच्यावर आणखी चढी बोली लावतो. ही माणसे तीच आहेत जी रविवारच्या थैलीत दहाची नोट दुमडून टाकतात. वर्षभरात तुमच्या चर्चमध्ये पैशाचा आकडा सर्वांसमोर मोठ्याने उच्चारला जातो तो याच एका दिवशी, आणि हात मोकळा सुटतो तोही याच दिवशी. खजिनदाराच्या हे लक्षात आले नाही, याचे मला नवल वाटते.

बायबलमधील निर्गमाचा ३६ वा अध्याय उघडा. देवाच्या निवासमंडपाच्या कामासाठी लोक रोज सकाळी इतके आणू लागले की कारागीर हातातले काम सोडून मोशेकडे आले आणि गरजेपेक्षा जास्त जमत आहे असे म्हणाले. तेव्हा मोशेने सगळ्या छावणीत जाहीर करवले की आता कोणी काही आणू नये. लोक रानात होते, अन्न रोजच्या रोज मिळत होते, पुढे काय वाढून ठेवले आहे ते कोणालाच दिसत नव्हते. अशा वेळी पुरे झाले हे सांगायला मोशे कचरला नाही. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायावर तर तुम्ही अनेक उपदेश ऐकले असतील, कारण मासेदोनियाच्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यातून दिले हे तिथे लिहिले आहे, आणि दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची, आठवण करून द्यायची झाली की आपल्याकडे तोच अध्याय निघतो. पुढच्या वचनांपर्यंत मात्र उपदेश क्वचितच पोहोचतो. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेल्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठवला, आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख असावा असे लिहिले. खजिनदारांसाठी लिहिलेला भाग हाच आहे.

तुमची भीती मला समजत नाही असे नाही. मिशनची बाहेरून येणारी मदत आटली तेव्हा प्रचारकांचे पगार अडले, हे खानदेशातील जुन्या ख्रिस्ती घरांतून अजूनही सांगितले जाते, आणि त्या आठवणीवर वाढलेला माणूस पैसा दिसला की आधी झाकतो. परंतु तो पैसा बाहेरचा होता, तो कधी थांबेल हे आपल्या हातात नव्हते. हा तुमच्याच माणसांच्या घामाचा आहे, आणि त्यातला काही त्याच ऊसतोडीच्या उचलीतून आलेला आहे.

तुमच्या पाळकांनाही मी शाबासकी देणार नाही. योजना चांगली असली, तरी तेदेखील ती बंद दाराआड पंचांशीच बोलत राहिले.

तेव्हा पाळकांना समजावण्याचा विचार सोडा आणि येत्या रविवारी अर्पणानंतर, सूचनांच्या वेळी, स्वतः उभे राहून ठेवीची रक्कम वाचा. तुम्ही ती मला कळवली आहे, पण मी इथे छापत नाही, कारण ती आधी तुमच्या मंडळीने ऐकायला हवी. मराठीत वाचा आणि मावची बोलीतही सांगा, म्हणजे मागे चटईवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. भिंत की मुले, हा प्रश्न त्याच दमात विचारू नका. आधी लोकांना आकडा पचू द्या, तो प्रश्न ते स्वतःच काढतील. पंचांची परवानगी मागत बसलात तर दिवाळी उलटेल आणि गाड्या मुलांसकट निघून जातील. ठेवीची पावती मात्र बरोबर ठेवा; मुदत कधी संपते, हे कोणीतरी नक्की विचारेल.