"पोरगं रात्रभर जगाचं काम फुकट करालंय", खानापूरच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि मुलाने केलेल्या कामाची लिंक पण त्याच्याकडून मागून पाठवलीत ते फार बरं केलंत, त्यामुळे मला नुसत्या अंदाजाने बोलावं लागणार नाही. हे उत्तर बाकीचे आईवडील पण वाचतात म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. तुम्ही खानापूर तालुक्यातले, उद्यमबागेत जॉबवर्कचं शेड, दोन लेथ आणि लोनवर घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, मुलगा बेळगावातच कॉम्प्युटर सायन्सच्या पाचव्या सेमला. तुम्ही लिहिलंय, "पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम करालंय, पैसे कोण देतंय विचारलं तर कोणच देत नाही, ओपन सोर्स हाय म्हणतंय. हे शिक्षण म्हणायचं की वेठबिगारी, सांगा मॅडम." (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड उघडा असतो, कोणीही वाचू, वापरू, सुधारू शकतं असं सॉफ्टवेअर.) शिवाय त्याने घरच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण ओपन सोर्स सिस्टीम, टाकलं आणि तुमची टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बंद पडली, कुठल्या परदेशी माणसाने त्याचं काम चार ओळी लिहून परत पाठवलं तेव्हापासून दोन दिवस तो धड जेवला नाही, आणि पुण्याचे तुमचे मेहुणे म्हणतायत हे सगळं बंद करा आणि प्लेसमेंटच्या तयारीला लावा.

टॅलीचं आधी सांगते, कारण त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. टॅली विंडोजवर चालते, लिनक्ससाठी ती बनलेलीच नाही, आणि तुमचा सीए टॅलीचाच डेटा मागणार, दर महिन्याच्या 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचं असतं, तिथे पोराचं तत्त्वज्ञान कामाला येत नाही. ओपन सोर्सच वापरायचं हे त्याने स्वतःसाठी ठरवलं तर मला त्याचं कौतुकच आहे, पण वडिलांच्या धंद्याचं मशीन न विचारता उघडायचं नसतं. एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही राहतात, चालू करताना कुठलं हवं ते विचारतं, त्याला हे येतं, येत नसेल तर एका संध्याकाळीत शिकेल. बॅकअप पेनड्राइव्हवर आहे असं तुम्ही लिहिलंय तेव्हा नुकसान काही नाही. येत्या रविवारी बसून करून दे म्हणा, आणि टॅली उघडून मागच्या महिन्याचं एक बिल दाखवल्याशिवाय उठू देऊ नका.

आता ते परत आलेलं काम. मी लिंक उघडून ओळ न ओळ वाचली. बिलं, पावत्या वगैरेंची पीडीएफ बनवणारी एक लायब्ररी आहे, लायब्ररी म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा तयार भाग, तुमच्याकडे बॉटआउट पार्ट म्हणतात तसा. तिच्यातून मराठी छापलं की 'दुसऱ्या' हा शब्द मोडतो. तो जो चंद्रकोरीसारखा अर्धा र असतो ना, तो न येता आख्खा ऱ, त्याचा पाय मोडलेला, आणि शेजारी सुटा 'या' असं छापून येतं. हिंदीत हा र लागतच नाही, म्हणून इतकी वर्षं हिंदीवाल्या कुणाला ते खटकलं नसावं. तुमच्या मुलाला का खटकलं माहिताय का? त्याने तिथे फोटो जोडलाय, तो तुमच्याच शेडच्या कोटेशनचा आहे, "दुसऱ्या ऑपरेशनचा दर" अशी ओळ आहे आणि त्यातला 'दुसऱ्या' फुटलेला आहे. दादा, हे त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, पत्रात कुठे उल्लेख नाही. तुम्ही म्हणता तो जगाचं काम करतोय, पण सुरुवात तुमच्या कोटेशनपासून झालीय.

त्याने उपाय काय केला, तर मजकुरात ऱ आणि य शेजारी दिसले की त्या जागी एका फॉन्टमधलं तयार जोडाक्षर उचलून ठेवायचं. वरून चांगलं दिसतं, पण फॉन्ट बदलला की संपलं. ती लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाने, त्याला मेंटेनर म्हणतात, उत्तर लिहिलं ते मराठीत सांगते: बग, म्हणजे दोष, खरा आहे, दाखवल्याबद्दल आभार, पण हे एका फॉन्टपुरतं आणि एका अक्षरापुरतं चालेल, अक्षरं जुळवायचं काम हार्फबझकडून करून घेतलं पाहिजे, टेस्ट, म्हणजे दुरुस्ती खरंच चालते का ते तपासणारा कोड, जोडलेली नाही, आणि बगशी संबंध नसलेल्या 37 फायलींमध्ये तू स्पेस बदलल्या आहेस, त्या काढ, हे बंद करतोय, आधी इश्यू उघड, म्हणजे अडचण काय ते नोंदव, मग बोलू. एवढंच. आणि वर लाल रंगात 'क्लोज्ड'.

हार्फबझ म्हणजे अक्षरं कशी जुळवायची ते ठरवणारं इंजिन, ते पण ओपन सोर्सच, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळीकडे तेच आहे. ऱ्हस्व वेलांटी आपण टाइप करतो अक्षरानंतर आणि ती दिसते अक्षराच्या आधी, ही उलटापालट तेच करतं, अर्धा र पण तेच जुळवतं. म्हणजे मेंटेनरने त्याला हाकललेलं नाही, नेमकी जागा दाखवली आहे. तुमचा जॉब पार्टीकडून रिजेक्ट होऊन येतो तेव्हा इन्स्पेक्शन रिपोर्टवर काय लिहिलेलं असतं? बोअर ओव्हरसाइज, अमुक फेसला फिनिश नाही. त्यात "आभारी आहोत" नसतं आणि तुम्ही त्या रात्री उपाशी झोपत नाही, सकाळी टूल बदलून परत लावता. याच्या रिपोर्टात तर आभार पण आहेत. तुमच्या रिजेक्शनच्या फाइलमधला एखादा जुना रिपोर्ट काढून त्याला दाखवा, मी चार तास समजावण्यापेक्षा ते त्याला लवकर कळेल, आणि बापाचं पण काम परत येतं हे पोरांना माहीतच नसतं हो.

पण तो दुखावला ते पण खोटं नाही. आपल्याकडे सर ओरडले तरी नंतर पाठीवर हात ठेवतात, नेटवर समोरचं तोंड दिसत नाही, चार ओळी आल्या की चारच ओळी. ओपन सोर्सच्या जगात तर उद्धट बोलणं म्हणजे हुशारी असं कित्येक वर्षं चालून गेलं. लिनस टोरवाल्ड्स, ज्याने 1991 मध्ये एकविसाव्या वर्षी हेलसिंकीत शिकताना छंद म्हणून लिनक्स सुरू केलं, तो मेलवर लोकांना काय वाट्टेल ते बोलायचा, शेवटी 2018 मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून बाजूला झाला. तेव्हा अपमान सोसणं हा शिक्षणाचा भाग आहे असं मी कुठल्याच पोराला सांगणार नाही, कुणी शिवी दिली तर तिथून उठून यायचं. इथे मात्र शिवी नव्हती. आणि दुसरी बाजू पण त्याला सांगा: हॅक्टोबरफेस्ट म्हणून एक कार्यक्रम असतो, ऑक्टोबरात चार कामं पाठवली की टीशर्ट मिळायचा, 2020 मध्ये त्या टीशर्टसाठी इतका कचरा आला, कुठे एक शब्द वाढव, कुठे एक स्पेस बदल, की नियमच बदलावे लागले. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या, वेबसाइट बनवायला लागणाऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर आपल्या देशातल्या पोरांनी शिकवणीचा व्हिडिओ बघून नुसतं स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टींचा, म्हणजे 'हा बदल घ्या' म्हणून पाठवलेल्या कामांचा, ढीग लावला. हे सगळं एकेक करून बंद करणारा माणूस तुमच्या मुलाच्या 37 फायली बघून काय समजणार? तरी त्याने वाचलं आणि उत्तर दिलं.

आता पैशाचं. वेठबिगारी शब्द मला लागला, कारण तुमची भीती अगदीच निराधार नाही. एक्सझेड नावाचं एक छोटं साधन आहे, फायली दाबून लहान करायचं, जगातल्या असंख्य सर्व्हरवर असतं, आणि ते एक माणूस बरीच वर्षं जवळजवळ एकटा, बिनपगारी सांभाळत होता. थकला, मानसिक त्रास होतोय असं त्याने लिहिलं पण होतं, वरून लोक काम लवकर कर म्हणून मागे लागलेले. तेवढ्यात मदतीला म्हणून एक अनोळखी आला, दोन-अडीच वर्षं गोड बोलून काम करून विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. गल्लीतल्या मंडळात बघा की, वर्गणी, मांडव, परवानगी सगळं एकच पोरगा धावून करत असतो आणि बाकीचे आरतीला येतात, तो बसला की मंडळ बसतं. ओपन सोर्समध्ये अशी मंडळं खूप आहेत. तुमचा मुलगा तो एकटा पोरगा होऊ नये ही तुमची काळजी मला मान्य आहे.

पण सगळंच बिनपगारी नसतं. लिनक्सच्या गाभ्यावरचं बरंचसं काम आज कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. गुगलचा समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे, प्रस्ताव लिहून निवड झाली तर काही महिने काम आणि स्टायपेंड. बेंगळुरूच्या झेरोधाने 2024 मध्ये वर्षाला 10 लाख डॉलरचा फंड फक्त ओपन सोर्ससाठी काढला. यावर घर चालेल असं मी म्हणत नाही, लाखांत काहींचं चालतं. त्याला यातून जे मिळतंय ते वेगळं आहे, त्याने केलेलं काम तारखेसकट, चुकीसकट, दुरुस्तीसकट उघड्यावर राहतं आणि कोणीही वाचू शकतं. मार्कशीटमध्ये ते दिसत नाही. मी स्वतः पोरांच्या मुलाखतीची तयारी घेते, "प्रोजेक्ट काय केलास" विचारलं की दहातली आठ पोरं एकच अटेंडन्स सिस्टीम सांगतात. "मराठीतला अर्धा र फुटत होता, माझा पहिला उपाय का चुकला आणि दुसरा का चालला" हे सांगणारा एक पण अजून माझ्यासमोर बसलेला नाही.

मात्र एक गोष्ट मला आवडली नाही आणि ती तुमच्या पत्रात नाही. तो जिथे काम पाठवतो त्या साइटवरचं त्याचं खातं मी बघितलं. गेल्या दोन महिन्यांत कोड म्हणून हे एकच काम, आणि लायसन्सच्या, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा त्या अटींच्या, वादातल्या कमेंट चाळीसच्या वर, त्यातल्या बऱ्याचशा रात्री एक ते तीनच्या. म्हणजे दादा, तो रात्रभर फुकट काम करत नाहीये, तो रात्रभर भांडतोय. काम केलं असतं तर मी तुम्हाला दोन महिने थांबा म्हटलं असतं.

वाद कशावरून तर कंपन्या ओपन सोर्स म्हणून लोकांकडून मदत घेतात आणि मोठ्या झाल्या की लायसन्स बदलतात, 2023 मध्ये सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्मचं तसं झालं, 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसचं. राग खोटा नाही, माझी पण सहानुभूती मदत करणाऱ्यांकडेच आहे, आणि कंपन्यांचं म्हणणं असं की क्लाउडवाले, म्हणजे नेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या, आयतं उचलून विकतात, त्यात पण तथ्य आहे. पण ज्या लोकांना खरंच पटलं नाही त्यांनी कमेंट टाकत बसण्याऐवजी जुना कोड घेऊन टेराफॉर्मच्या जागी ओपनटोफू आणि रेडिसच्या जागी व्हॅल्की उभं केलं. आपल्या पोराने यातून एवढं घ्यावं की कुठेही काम पाठवायच्या आधी लायसन्स वाचायचं, आणि सही करायला करार दिला तर आपल्या कोडचे हक्क कंपनीला किती जातायत ते बघायचं. त्याला तत्त्वाचं एवढं पडलंय तर या वाचनात त्याने एक आख्खी रात्र घालवली तरी माझी हरकत नाही.

मेहुण्यांचं अर्धं बरोबर आहे. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या आधी ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची टेस्ट घेतात, त्यात नापास झाला तर त्याचं सुंदर काम उघडून बघायला कोणी थांबत नाही. म्हणून रोज दीड तास टेस्टची तयारी, सकाळी, ठरलेली. ओपन सोर्सला आठवड्यात तीन संध्याकाळ, रात्री अकराला लॅपटॉप बंद, आणि सेमची परीक्षा संपेपर्यंत वादात एक पण कमेंट नाही. "बंद कर" म्हणू नका, तो चोरून करेल आणि चोरून केलं की भांडणंच होतील, काम होणार नाही. आणि नवीन काही शोधायचं नाही, हाच बग. इश्यू उघडायचा, हार्फबझ समजून घ्यायचं, त्या 37 फायली परत जागेवर, आणि टेस्टसाठी अर्धा र असलेले दहा-पंधरा शब्द, सुऱ्या, खोऱ्यात, वाऱ्यावर, कोऱ्या असे. त्याला कन्नड येतं ना, मग दोन-चार कन्नड शब्द पण घाल म्हणा, खाली लटकणारी ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरातलं खालचं अक्षर, अशा लायब्ऱ्यांमध्ये हमखास बिघडतात, आणि मराठी-कन्नड दोन्ही छापून बघेल असा पोरगा त्या मेंटेनरला सहज सापडणार नाही, आपल्या बेळगावात मात्र गल्लीगल्लीत आहे.

लागतील दोन-तीन महिने. कदाचित परत एकदा बंद होऊन येईल, तेव्हा त्याच्या ताटावर लक्ष ठेवा, बाकी काही बोलू नका.

शनिवारी चारनंतर मी टिळकवाडीत असते. परीक्षा झाली की दोघं मिळून या, आणि येताना ते "दुसऱ्या ऑपरेशनचा दर"वालं कोटेशन त्याच्याच लॅपटॉपवरून परत छापून आणा, कसं येतंय ते बघू.