बर्कलीला होकार कळवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

बर्कलीच्या भौतिकशास्त्र विभागात पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. पत्रात तू जागतिक क्रमवारीतला क्रमांक दोनदा लिहिला आहेस. त्याचा आनंद जरूर मान. पण पुढची पाच-सहा वर्षं तुझी जाणार ती एका प्रयोगशाळेत, एका गाइडच्या हाताखाली. म्हणून हे नाव कसं झालं ते थोडं सांगतो.

१८६२च्या मोरिल कायद्यानं अमेरिकी सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या. त्यांच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहावीत, हा हेतू. त्या जमिनी मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या होत्या, हेही विसरू नये. याच कायद्याच्या आधारानं कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे तुझं बर्कली, स्थापन झालं २३ मार्च १८६८ रोजी, आणि १८७० पासून तिथं मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

जगभर नाव झालं ते मात्र विसाव्या शतकात. अर्नेस्ट लॉरेन्स यांना सायक्लोट्रॉनची, म्हणजे विद्युतभारित कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्राची, कल्पना सुचली, पण ती चालते हे दाखवलं स्टॅनली लिव्हिंग्स्टन या त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं. १९३१च्या जानेवारीत, जेमतेम साडेचार इंचांच्या यंत्रात, त्यानं हायड्रोजनचे आयन ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले. १९३९चं नोबेल एकट्या लॉरेन्स यांना मिळालं. लॉरेन्स थोरच होते. तरी विद्यापीठाची कीर्ती सांगताना विद्यार्थ्यांचं नाव किती सहज गळतं, ते तू आत्ताच पाहून ठेव.

दुसरी हकिकत मला जास्त मोलाची वाटते. १९४९ साली विद्यापीठाच्या नियामक मंडळानं, म्हणजे रीजंट्सनी, प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नाही अशी शपथ लिहून मागितली. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी नकार दिला. हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले इतिहासकार अर्न्स्ट कांटोरोविच यांनीही दिला. १९५०मध्ये ३१ प्राध्यापकांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोपही नव्हता. मनाची झडती घ्यायचा अधिकार मंडळाला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि पुढे मानसशास्त्र विभागाच्या इमारतीला टोलमन यांचंच नाव लागलं.

यात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टोलमन यांनी तरुण सहकाऱ्यांना सही करायला सांगितलं होतं. तुमची नोकरी नवी आहे, ही लढाई ज्यांना परवडते त्यांना लढू द्या, असा त्यांचा सल्ला. स्वतः मात्र ते मागे हटले नाहीत. वडीलधाऱ्यानं धाकट्यांना असं पाठीशी घालणं मला कुठल्याही नोबेलपेक्षा कमी वाटत नाही.

१९६४चं विद्यार्थ्यांचं भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन तुला ठाऊकच आहे, त्यावर लिहीत नाही.

आता काम. ज्या दोन गाइडची नावं तू कळवलीस, त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांना लिही, गाइडना नंतर. शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं? अनुदान मध्येच संपलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या पगाराचं काय झालं? प्रयोग फसला तर गाइड ग्रुपसमोर काय बोलतात? मागच्या दहा वर्षांत किती जण अर्ध्यात सोडून गेले, आणि का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं, तर सोडून गेलेल्यांपैकी कोणाला तरी गाठ. ते सहसा मोकळेपणानं बोलतात.

एकाच प्रयोगशाळेवर अवलंबून जाऊ नकोस. जिथं किमान दोघा-तिघांकडे काम करायला आवडेल, तोच विभाग निवड, मग तो क्रमवारीत खाली असला तरी चालेल.

होकार कळवायची मुदत बहुधा १५ एप्रिल असेल, पत्रात पुन्हा पाहा. उत्तरं येतील तशी मला पाठव, आपण फोनवर बोलू.

तुझा,
सर