चिकन खिम्याच्या टिक्क्या तव्यावर फुटतात. घरी सहा माणसांचं जेवण आहे, काय करू?

फुटतात त्या बहुतेक पाण्यामुळे. बारीक चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा, केवढं पाणी निघतं बघा! पाऊण किलो खिम्याला चार चमचे डाळ्याचं पीठ पुरतं. अंडं अजिबात नको. आम्ही सोलापूरकर काळा मसाला आणि मूठभर शेंगांचं जाडसर कूट घालतो, चव फार सुरेख येते. मळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आच मध्यम. कडा पांढऱ्या पडून टिक्की आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचंच नाही. प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं, मग एक मोडून पाहा: आत गुलाबी असेल तर झाकण ठेवून अजून शिजवा. सोबत कडक भाकरी आणि कांदा-लिंबू.