एका दिवशी एकच नख

प्रश्न : ताई, आमची कुत्री चिंगी साडेतीन वर्षांची आहे. नखं सगळी काळी. दोन महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच घरी तिची नखं कापायला बसलो आणि तिसऱ्याच नखाला रक्त आलं. ती इतकी जोरात केकाटली की माझ्या हातातून कटर पडला. तेव्हापासून ज्या खणात कटर असतो तो खण उघडल्याचा आवाज आला, तरी ती पलंगाखाली जाऊन बसते. परवा दोघांनी मिळून तिला धरलं, तर गुरगुरली. चिंगी आजवर कोणावर गुरगुरलेली नाही. नखं वाढलीत, फरशीवर चालताना टकटक वाजतात. तिला माझी भीती वाटायला लागली हे मला सहन होत नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, धरून ठेवणं आजपासून बंद. दोघांनी धरणं तर नकोच. गुरगुरली म्हणून तिला रागावला असाल, तर पुन्हा रागावू नका. चिंगीने तुम्हाला सांगितलं की मला हे झेपत नाही. ते सांगण्यासाठी तिच्याकडे गुरगुरण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. गुरगुरण्याबद्दल ओरडा खाल्लेला कुत्रा हळूहळू गुरगुरणं सोडतो आणि एक दिवस सरळ चावतो.

माझ्या काळूच्या बाबतीत मी हेच केलं होतं. रविवारी सकाळी त्याला मांडीत दाबून धरलं, सगळी नखं एकदम उरकायची म्हणून. सातव्या की आठव्या नखाला जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला जिवंत भाग, कापली गेली. फडक्याने दाबलं, पण जीव राहवेना, दर अर्ध्या मिनिटाला फडकं उचलून बघत होते. दर वेळी धरलेली खपली निघत होती आणि रक्त पुन्हा सुरू. त्यानंतर काळूने उजवा पंजा माझ्या हातात द्यायला सहा महिने घेतले. डावा देत होता, उजवा मागे घ्यायचा. कोणता पाय दुखला होता हे तो विसरला नव्हता.

आता नखाबद्दल. बाहेरचं कठीण कवच आपल्या नखासारखंच केराटिनचं असतं, ते कापलं तर दुखत नाही. आत जिव्हाळी असते, तिच्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही. नख बरेच दिवस वाढू दिलं की जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढे येते. त्यामुळे चिंगीची वाढलेली नखं एका बैठकीत आखूड होणारच नाहीत, कितीही सराईत माणूस बसला तरी. टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग वरचेवर काढत राहिलं, की जिव्हाळी आपोआप मागे सरकते. म्हणजे नखालाही घाई चालत नाही आणि चिंगीलाही. म्हणून मी सांगते, एका दिवशी एकच नख. पुढच्या पायांना अंगठा धरून पाच-पाच, मागच्यांना बहुधा चार-चार, अशी अठरा नखं. अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते, तोवर पहिलं नख पुन्हा कापण्याजोगं झालेलं असतं.

पण आधी दोन-तीन आठवडे कटर लावायचाच नाही. ती आळसावून पडलेली असताना खांद्यावरून हात फिरवत खाली पंजापर्यंत न्या, क्षणभर थांबा, हात काढा आणि मग तिच्या आवडीचा खाऊ द्या. क्रम हाच ठेवा, आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ दाखवून बोलावलं आणि मग पाय पकडला, तर ती खाऊलाही घाबरायला लागेल. तिने पंजा ओढून घेतला तर घेऊ द्या. आपण पाय मागे घेतला की माणूस सोडतो, हे तिला कळलं की ओढणं आपोआप कमी होतं.

मग कटर खणातून काढा आणि तिच्या जेवणाच्या ताटलीजवळ तसाच पडू द्या. ती हुंगेल, हुंगू द्या. चार-सहा दिवसांनी तिच्यापासून लांब बसून त्याने आगकाडी कापा. तो ‘कट्’ आवाज नखाच्या आवाजाच्या बराच जवळ जातो. आवाज, खाऊ. पुन्हा आवाज, खाऊ. मग कटर नखाला नुसता टेकवा, कापू नका. या सगळ्यात तिच्या तोंडाकडे लक्ष असू द्या. झोप नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही ताणाची लक्षणं आहेत. दिसली की आदल्या दिवशी जिथे होता तिथे परत जा.

कापायच्या दिवशी खिडकीजवळ बसा, उजेड हवा. बोटांमधले केस मागे सारा. तुमचा अंगठा तिच्या बोटाच्या गादीखाली आणि तुमचं बोट वरून, अलगद दाबलं की नख पुढे येतं. पाय बाहेरच्या बाजूला ताणू नका, खांदा दुखतो. घोड्याला नाल मारताना खूर मागे दुमडतात तसा पंजा मागे दुमडला, तर सांध्याला त्रास होत नाही आणि नखाची खालची बाजूही दिसते. ती नीट बघा. टोकाकडे नख खालून पन्हाळीसारखं पोकळ असतं, तिथे जिव्हाळी नाही. जिथून ते भरीव होतं तिथून सावध व्हायचं.

काळ्या नखात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कागदाइतक्या पातळ चकत्या काढायच्या आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघायचा. सुरुवातीला तो कोरडा, खडूसारखा भुरकट दिसतो. मग मधोमध एक गडद, जरा ओलसर ठिपका दिसू लागतो. तिथेच थांबायचं. त्याच्या पुढची चकती म्हणजे रक्त. कटरची धार मात्र चांगली हवी; बोथट पात्याने नख कापण्याऐवजी चेपलं जातं आणि जिव्हाळी न लागताही दुखतं.

रक्त आलंच तर रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर, नसेल तर कॉर्नफ्लोअर, नखाच्या टोकाला दाबून धरा. घड्याळ लावून पाच मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. त्या दिवशी पळापळ नको. पंधरा-वीस मिनिटांनीही थांबलं नाही तर पशुवैद्यांकडे न्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका, त्यातल्या काही जिवावर बेततात.

टकटक वाजणाऱ्या नखांची तुमची काळजी रास्त आहे. उभं राहिल्यावर नखं जमिनीला टेकत असतील, तर बोटं वर ढकलली जातात आणि पाय टाकण्याची ढबच बदलते. तोवर एक उपाय आहे. फळीवर ८० नंबरचा पॉलिशपेपर पक्का चिकटवा, फळी तिरकी धरा आणि तिला त्यावर पुढच्या पायांनी खरवडायला शिकवा. एकदा खरवडलं की खाऊ. पंजाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे घाबरलेले कुत्रेही हे आनंदाने करतात. अंगठ्याचं नख मात्र यात घासलं जात नाही, आणि मागच्या पायांचंही क्वचितच होतं.

इतकं करूनही ती थरथरत असेल, तर पशुवैद्यांशी बोला. भीती कमी करणारं औषध तपासून देता येतं. ते घेण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख गोल वळून कातडीला टेकलंय. घरी कापू का?

उत्तर : नुसतं टेकलं असेल, मध्ये कागद सरकत असेल, तर टोकाचा थोडा भाग काढा. कातडीत शिरलं असेल, सूज किंवा वास असेल, तर हात लावू नका, आजच दाखवा. हे नख जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. लांब केसांत तर महिनोन्‌महिने दिसतही नाही. आठवड्यातून एकदा चारही पाय बोटांनी चाचपा. काही जातींच्या कुत्र्यांना मागच्या पायांनाही असा अंगठा असतो, काहींना तर दोन-दोन.

प्रश्न : कटरपेक्षा नखं घासणारा ग्राइंडर बरा का?

उत्तर : ज्याला ‘कट्’ आवाजाचा धसका आहे त्याला बरा, ज्याला घरघर सोसत नाही त्याला नाही. नखावर एक-दोन सेकंदच टेकवा आणि उचला, घर्षणाने नख तापतं. लांब केस फिरत्या टोकात अडकतात, म्हणून जुना पायमोजा पंजावर चढवून नखं त्यातून बाहेर काढा.