अ‍ॅनिमेशन आवाजाशी जुळवताना पॉवरपॉइंट बंद पडतं, अ‍ॅड-इन पुन्हा टाकूनही तेच. आता काय करू?

तुमची अडचण मला समजली ती अशी. निवेदनाच्या आवाजाशी अ‍ॅनिमेशन जुळवायला पॉवरपॉइंटला जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅड-इन घेतलंय. आवाज ऐकत ऐकत क्लिक करून वेळा नोंदवता येतात, पण त्या स्लाइडवर लागू करायला गेलं की पॉवरपॉइंट काही न बोलता गायब होतं. अ‍ॅड-इन दोनदा काढून टाकलं, ऑफिस रिपेअर केलं, फरक शून्य. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की नव्या कोऱ्या फाइलमध्ये मात्र ते व्यवस्थित चालतं, फक्त चाळीस स्लाइड्सच्या खऱ्या फाइलमध्ये रुसतं.

ते शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. नव्या फाइलमध्ये चालतंय म्हणजे अ‍ॅड-इन नीट बसलेलं आहे, ऑफिसही धडधाकट आहे. आता तिसऱ्यांदा इन्स्टॉल करू नका. खोट त्या फाइलमध्ये आहे, आणि माझ्या अनुभवात ती सहसा एकाच स्लाइडवर असते. ती स्लाइड शोधायची, एवढंच काम आहे. मी गेली काही वर्षं प्रशिक्षणाचे असेच बोलके धडे बनवते, त्यामुळे या दुखण्याशी जुनी ओळख आहे.

आधी एक शंका दूर करते, कारण ती सगळ्यांनाच येते: चूक अ‍ॅड-इनची, मग अख्खं पॉवरपॉइंट का मरतं? अशी अ‍ॅड-इन्स बहुतेक ‘कॉम’ (COM) प्रकारची असतात आणि ती पॉवरपॉइंटच्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, आतच चालतात. वेगळी खोली नाही, मधे भिंत नाही. आतल्या पाहुण्याने आग लावली की घर जळतंच. ऑफिस स्टोअरमधली वेब प्रकारची अ‍ॅड-इन्स वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे ती कोसळली तरी सहसा फक्त त्यांची उजवीकडची पट्टी पांढरी पडते. म्हणून ‘पॉवरपॉइंट क्रॅश झालं’ एवढ्यावरून दोष कोणाचा हे कळत नाही, नोंद वाचावी लागते.

ती नोंद विंडोज ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशनवर जा आणि क्रॅशच्या वेळेची लाल नोंद बघा. इव्हेंट क्रमांक १००० असेल तर तो खरा क्रॅश. १००२ असेल तर तो हँग, म्हणजे पॉवरपॉइंट कशाची तरी वाट बघत अडकलं आणि शेवटी बंद झालं किंवा तुम्हीच ते बंद केलंत. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात, औषध वेगळं. १००० च्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ नावाची ओळ असते, म्हणजे बिघाड नेमका कोणत्या फाइलमध्ये झाला ते. तिथे अ‍ॅड-इनच्या फाइलचं नाव आलं तर चोर सापडला. ऑडिओ किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव आलं तर तपास तिकडे वळवा. पण एमएसओ.डीएलएल किंवा एनटीडीएलएल.डीएलएल (पहिली ऑफिसची स्वतःची फाइल, दुसरी विंडोजची) दिसलं तर लगेच ऑफिसवर किंवा विंडोजवर खापर फोडू नका. दुसऱ्याने हातात चुकीची वस्तू दिली आणि यांच्या हातून पडली, असाही तो प्रकार असतो. त्याच नोंदीतल्या एक्सेप्शन कोडमध्ये, म्हणजे चुकीच्या क्रमांकात, सी, पुढे सहा शून्यं आणि पाच असं असेल तर तेच: जी मेमरी आपली नाही तिथे कोणीतरी हात घातला. त्याच मिनिटाला ‘डॉटनेट रनटाइम’ची १०२६ क्रमांकाची नोंद असेल तर ती संपूर्ण कॉपी करून ठेवा. कोणत्या कामात असताना घोटाळा झाला ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं, आणि अ‍ॅड-इनवाल्यांना तीच हवी असते.

आता स्लाइड शोधू. फाइलची कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीतल्या शेवटच्या वीस स्लाइड्स उडवा आणि उरलेल्यांवर सिंक, म्हणजे नोंदवलेल्या वेळा, लागू करून बघा. कोसळलं तर खोट पहिल्या वीसात, नाही तर दुसऱ्या. मग दहा, मग पाच. चाळीस स्लाइड्सना जास्तीत जास्त सहा फेऱ्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण ‘हे करून बघा, ते करून बघा’ यात दोन दिवस घालवण्यापेक्षा अर्धा तास बरा. दोन्ही अर्धुकं वेगवेगळी नीट चालली आणि एकत्र केल्यावरच कोसळलं, तर मात्र कारण फाइलचा आकार. तेव्हा फाइल, अकाउंट, अबाउट पॉवरपॉइंट इथे जाऊन तुमचं ऑफिस ३२ बिटचं आहे का बघा. मोठ्या ऑडिओ असलेल्या फाइलला ते मेमरीत कमी पडतं, मग धडा दोन फाइल्समध्ये तोडणं हाच व्यवहार्य मार्ग.

स्लाइड सापडली की त्यात काय बघायचं, ते माझ्यावर गुदरलेल्या प्रसंगावरून सांगते. एका धड्यात तेविसावी स्लाइड दरवेळी पॉवरपॉइंटला घेऊन बुडत होती. दिसायला साधी: एक आकृती, पाच बाण, खाली कोपऱ्यात स्पीकरचं चिन्ह. बाण काढले, तरी तेच. आकृती काढली, तरी तेच. रिकाम्या स्लाइडवर नुसता स्पीकर उरला आणि तरी कोसळलं, तेव्हा माझं डोकं फिरायची वेळ आली. मग ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी, उघडला. त्यात ऑडिओ दोन. एक नवा, आणि त्याच्या बरोब्बर खाली, तंतोतंत त्याच जागी, आधीच्या आवृत्तीचं निवेदन. कोणीतरी जुना न काढता वर नवा ठेवला होता. प्रत्येक ऑडिओ पॉवरपॉइंटच्या अ‍ॅनिमेशन यादीत स्वतःचा एक ‘प्ले’ परिणाम टाकतो. अ‍ॅड-इन एका ऑडिओच्या वेळा मोजत होतं आणि यादी दोन ऑडिओंची. जुना काढला, पुन्हा लागू केलं, तीन सेकंदांत काम झालं. त्या दिवसापासून कोणाचीही फाइल हातात आली की मी आधी सिलेक्शन पेन उघडते, चहा नंतर.

तुमच्या स्लाइडवर दुसरा ऑडिओ नसेल तर अ‍ॅनिमेशन पेन उघडून यादी वरपासून खालपर्यंत वाचा. सगळ्यात जास्त संशय ट्रिगरवाल्या अ‍ॅनिमेशन्सवर घ्या, म्हणजे ‘या बटणावर क्लिक केल्यावर हे दिसावं’ अशा. पॉवरपॉइंट त्यांना मुख्य क्रमात ठेवतच नाही, यादीत खाली ‘ट्रिगर’ अशा मथळ्याखाली त्यांचा वेगळा क्रम असतो. जे अ‍ॅड-इन फक्त मुख्य क्रम गृहीत धरून लिहिलंय त्याची तिथे गाडी रुळावरून घसरते. दुसरा संशय परिच्छेदानुसार येणाऱ्या मजकुरावर. आठ मुद्दे असलेली चौकट दिसायला एक वस्तू, पण यादीत आठ परिणाम. वेळा नोंदवल्यावर कोणी त्यातला एक मुद्दा खोडला की नोंदी आठ आणि परिणाम सात. आठव्या नोंदीला जागाच नाही. अशा वेळी त्या स्लाइडच्या जुन्या नोंदी अ‍ॅड-इनमधून पुसून सिंक नव्याने करणं हाच उपाय, ठिगळं लावून चालत नाही. डुप्लिकेट केलेल्या स्लाइडवरही लक्ष ठेवा. अ‍ॅड-इन आपल्या खुणा आकारांच्या नावांवर किंवा टॅगवर (आकाराला जोडलेल्या न दिसणाऱ्या नोंदीवर) लावत असेल तर कॉपीबरोबर त्या खुणाही जशाच्या तशा जातात.

ऑडिओबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथे लोक फसतात. फोनवर रेकॉर्ड केलेलं निवेदन किंवा बदलत्या बिटरेटचं (सेकंदाला कमीजास्त डेटा वापरणारं) एमपीथ्री असेल तर ‘अमुक सेकंदाला फाइलमध्ये कुठे’ हा हिशेब अंदाजाने होतो. आवाज ऐकायला ठीक, पण अ‍ॅड-इनला आणि पॉवरपॉइंटला त्याची लांबी वेगवेगळी वाटू शकते. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून १६ बिट पीसीएमची (न दाबलेल्या आवाजाची) वेव्ह फाइल करा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, सगळ्या स्लाइड्सना एकच. एका चॅनेलच्या आवाजाला ४४.१ वर मिनिटाला साधारण ५.३ एमबी लागतात, म्हणजे फाइल फुगेल. फुगू द्या. काम संपल्यावर वेगळ्या कॉपीवर ‘कॉम्प्रेस मीडिया’ चालवता येतं.

त्याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे पॉवरपॉइंटचं ‘ट्रिम ऑडिओ’. ते आवाज कापत नाही. सुरुवातीचा किंवा शेवटचा भाग फक्त वाजवायचा नाही अशी नोंद करतं, फाइल पूर्णच राहते. तुम्ही सुरुवातीचे चार सेकंद ट्रिम केलेत आणि अ‍ॅड-इन पूर्ण फाइल वाचतंय, तर सगळ्या वेळा चार सेकंदांनी सरकतात. शेवटाकडचं ट्रिम असेल तर शेवटची अ‍ॅनिमेशन्स आवाज संपल्यानंतरच्या वेळेवर पडतात. काही अ‍ॅड-इन्स हे निमूट सहन करतात, काही तिथेच मान टाकतात. खात्री करायची असेल तर कॉपीच्या नावातलं पीपीटीएक्स बदलून झिप करा, उघडा, पीपीटी फोल्डरमधल्या मीडिया फोल्डरमध्ये जा आणि ऑडिओ बाहेर काढून वाजवा. तुम्ही छाटलेलं ‘हं, सुरू करू का?’ तिथे अजून शाबूत ऐकू येईल. (ग्राहकाला फाइल पाठवण्याआधी एकदा जरूर ऐका. मला अशाच एका फाइलमध्ये निवेदिकेने साहेबांना घातलेल्या शिव्या सापडल्या होत्या.) तात्पर्य, ऑडिओ बाहेर कापून आणा, पॉवरपॉइंटमध्ये नको.

वेळा नोंदवतानाच कोसळत असेल, लागू करताना नव्हे, तर ब्लूटूथ हेडसेट बाजूला ठेवा आणि वायरचा लावा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की हेडसेट फोनवर बोलायच्या मोडमध्ये जातो आणि सँपल रेट एकदम खाली येतो, बऱ्याचदा १६ किंवा ८ किलोहर्ट्झवर. मधेच साधन बदललेलं सगळ्याच सॉफ्टवेअरला पचत नाही.

फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये असेल तर ऑटोसेव्ह बंद करून ती सरळ डिस्कवरच्या छोट्या पत्त्याच्या फोल्डरमध्ये आणा आणि फाइलचं नाव तात्पुरतं इंग्रजी अक्षरांत ठेवा. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या अ‍ॅड-इन्सना देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि मग फाइल सापडत नाही. मराठीत नाव दिल्याची शिक्षा आपण का भोगावी हा प्रश्न रास्तच आहे, पण आधी काम होऊ दे.

बाकीची नेहमीची औषधं थोडक्यात. कंट्रोल दाबून धरून पॉवरपॉइंट उघडलं तर ते सेफ मोडमध्ये, अ‍ॅड-इन्सशिवाय सुरू होतं. तिथेही फाइल कोसळत असेल तर अ‍ॅड-इन निर्दोष. ऑप्शन्समधल्या अ‍ॅड-इन्स पानावर खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून बाकीच्यांच्या खुणा काढून बघा. अ‍ॅड-इनचा टॅबच दिसेनासा झाला तर तिथेच ‘डिसेबल्ड आयटम्स’ बघा, क्रॅशनंतर ‘हे बंद करून ठेवू का’ असं पॉवरपॉइंट विचारतं तेव्हा घाईत ‘हो’ म्हटलेलं असतं. हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. प्रीव्ह्यू दाखवताना क्रॅश होत असेल तरच मी तिकडे जाते.

आणि उद्याच धडा द्यायचा असेल तर त्या एका स्लाइडपुरतं अ‍ॅड-इन विसरा. पॉवरपॉइंट २०१० पासून ऑडिओला बुकमार्क लावता येतात. आवाज वाजवा, हव्या त्या शब्दाला थांबवा, प्लेबॅक टॅबवर ‘अ‍ॅड बुकमार्क’ दाबा. मग वस्तूला अ‍ॅनिमेशन देऊन ट्रिगरमध्ये ‘ऑन बुकमार्क’ खाली तो निवडा. पाच बाणांना दहा मिनिटं पुरतात. बुकमार्क त्या ऑडिओला चिकटलेले असतात, ऑडिओ काढून नवा टाकलात की तेही जातात, म्हणून निवेदन पक्कं झाल्यावरच लावा. आणि अशा स्लाइडवर नंतर पुन्हा अ‍ॅड-इनचं सिंक चालवू नका. हेही ट्रिगरच आहेत, वर सांगितलेल्या त्याच खड्ड्यात परत पडाल.

अ‍ॅड-इनवाल्यांना कळवताना चाळीस स्लाइड्स पाठवू नका. कोसळणारी एकच स्लाइड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मजकुराच्या जागी क ख ग लिहा, तरीही कोसळतं याची खात्री करा. सोबत पॉवरपॉइंटचा पूर्ण आवृत्ती क्रमांक, ३२ की ६४ बिट आणि इव्हेंट व्ह्यूअरची नोंद. ‘तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही’ या पत्राला ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ असं उत्तर येतं, अशा फाइलला सहसा दुरुस्ती येते.

फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव आणि त्या स्लाइडच्या अ‍ॅनिमेशन पेनचं चित्र खाली टाकलंत तर मी बघते.