डोक्याला मार, कॅल्पेन आणि मिठाचा खडा

प्रश्न: ताई, गेल्या सीझनला भावोजी हापूस उतरवताना फांदी मोडून खाली पडले. संध्याकाळपर्यंत नीट बोलत होते, रात्री एकदम बिघडले. डॉक्टर म्हणाले पडल्यावर झालं त्यापेक्षा नुकसान नंतर वाढलं. आता भाचीने कुठेतरी वाचलं की प्रोटीनचे क्रिस्टल बघून मेंदूच्या मारावर औषध बनवतायत. खरं काय हे? कुठे मिळेल? – एक वाचक, देवगड

उत्तर: भाऊ, आधी सरळच सांगते, तसलं औषध अजून मंजूर झालेलं नाही, कोणी देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. पण भाचीने वाचलं ते काम खरं आहे आणि मला त्याबद्दल फार आशा आहे.

डॉक्टर बरोबर बोलले. मार बसला की पेशींमध्ये कॅल्शियम घुसतं आणि कॅल्पेन नावाचं एंझाइम जागं होतं, त्याचं कामच प्रोटीन कापायचं, एरवी ते बेताने कापतं पण कॅल्शियम वाढलं की पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणारी स्पेक्ट्रिनची जाळीच कापत सुटतं, आणि हे तासन् तास, कधी दिवसेंदिवस चालू राहतं.

आता क्रिस्टल. शिरोड्याचं मिठागर बघितलंच असेल, पाणी हळूहळू उडतं आणि खडा धरतो, तसंच शुद्ध प्रोटीनचा बारीक थेंब बंद डबीत टांगून ठेवतात, महिनोन् महिने वाट बघूनही कधी कधी खडा धरतच नाही. धरला की त्यावर एक्स-रे सोडायचे (आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या जोरदार एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर ही सोय आहे) आणि त्यावरून कुठला अणू कुठे बसलाय ते काढायचं. १९९९-२००० मध्ये कॅल्पेनची रचना अशीच मिळाली, तेव्हा दिसलं की कॅल्शियम नसताना त्याचे कापणारे भाग उघड्या अडकित्त्यासारखे लांब असतात, कॅल्शियम आलं की जवळ येतात. २००८ मध्ये तर आणखी भारी गोष्ट दिसली, आपल्या शरीरातच कॅल्पेनला आवरणारं कॅल्पास्टॅटिन असतं, ते कॅल्पेनच्या कापणाऱ्या भागांमधल्या खाचेत बसतं आणि नेमकं पात्यापाशी वळसा घेतं, म्हणून स्वतः कापलं जात नाही! तसाच खाचेत बसेल असा छोटा रेणू करायचा, हाच सगळा खटाटोप.

अडतंय कुठे, तर प्रोटीन कापणाऱ्याच कॅथेप्सिन नावाच्या दुसऱ्या एंझाइमांची खाच पण बरीचशी अशीच आहे, एकाला अडवायला गेलं की दुसरं पण अडतं. शिवाय औषध रक्तातून मेंदूत शिरायला हवं, तेही वेळेत. पण एचआयव्हीत हे जमलंय, त्या विषाणूच्या प्रोटिएज या प्रोटीन कापणाऱ्या एंझाइमची रचना १९८९ ला मिळाली आणि १९९५ ला त्याला अडवणारं सॅक्विनाविर हे औषध बाजारात आलं.

तोवर एक करा भाऊ, झाडावरून कोणी पडला तर बोलतोय म्हणून घरी झोपवू नका, सीटी स्कॅन असेल तिथे त्याच दिवशी न्या.